सभाभीती आणि स्टँड-अप कॉमेडी : महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने एक विवेचन (विशेष संदर्भ : पुनावळे परिसर)

सारांश :

चारचौघांसमोर उभे राहून बोलण्याची भीती ही अज्ञानाची खूण नव्हे. परंतु तोंडी परीक्षा व नोकरीची मुलाखत या दोन्ही ठिकाणी ती बहुधा अज्ञान म्हणूनच गणली जाते. प्रस्तुत लेखात या भीतीचे स्वरूप, स्टँड-अप कॉमेडी या कलाप्रकाराची रचना आणि मराठीतील एकपात्री विनोदाची परंपरा यांचा परस्परसंबंध विशद केला आहे. आधी भीती जावी आणि मग मंचावर चढावे, असा क्रम प्रत्यक्षात आढळत नाही. भीतीसह लहान मंचावर वारंवार गेल्यानेच तिचे अंदाज खोटे ठरत जातात, आणि स्वानुभवावर आधारलेला विनोद हे त्यासाठी उपयुक्त साधन आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : सभाभीती, सभाधीटपणा, एकपात्री प्रयोग, स्टँड-अप कॉमेडी, तोंडी परीक्षा.

१. प्रस्तावना

पुनावळे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. मुंबई-बंगळूर महामार्गालगतच्या या गावात त्यानंतर शेतजमिनींच्या जागी उंच गृहसंकुले उभी राहिली. एका बाजूस हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान क्षेत्र आणि दुसऱ्या बाजूस पिंपरी, भोसरी व चाकणचे कारखाने असल्यामुळे मराठवाडा, विदर्भ व खानदेशातून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते आणि अनेकांच्या घरातील ती महाविद्यालयात जाणारी पहिलीच पिढी असते.

या विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक अनुभव आपणां सर्व प्राध्यापकांच्या परिचयाचा आहे. लेखी उत्तरपत्रिकेत नेटके उत्तर लिहिणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत त्याच प्रश्नावर गप्प होतो. प्रकल्प त्याने स्वतः केलेला असतो. पण सादरीकरणाच्या वेळी त्याचा आवाज घशातच अडकतो. कंपन्यांच्या मुलाखतीत तर दोन-चार मिनिटांतच निर्णय होतो. हिंजवडी घरापासून हाकेच्या अंतरावर असूनही तेथील दार त्याच्यासाठी उघडत नाही, याचे कारण पुष्कळदा ज्ञानाचा अभाव हे नसून आवाजाचा अभाव हे असते.

यावर आपण सामान्यतः ‘धीट व्हा’ असा उपदेश करतो. धीट कसे व्हायचे, याची पद्धत मात्र सांगत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू अशा एका पद्धतीचे विवेचन करणे हा आहे.

२. सभाभीतीचे स्वरूप

सार्वजनिक भाषणाच्या प्रसंगी हृदयाचे ठोके वाढतात, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो व आवाज कापतो. संकटाच्या वेळी लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीर जी तयारी करते, तीच ही तयारी होय. फरक एवढाच की सभागृहात लढता येत नाही व पळताही येत नाही. अमेरिकन अभ्यासक जेम्स मॅक्क्रॉस्की यांनी १९७० मध्ये ‘संवादविषयक धास्ती’ ही संकल्पना मांडली. ही धास्ती प्रत्यक्ष संवादाशी जशी निगडित असते, तशीच केवळ अपेक्षित संवादाशीही निगडित असते, हा त्यांच्या मांडणीतील महत्त्वाचा भाग आहे. आपले नाव पुकारले जाण्यापूर्वीची दहा मिनिटे ही प्रत्यक्ष भाषणापेक्षा जड का जातात, याचा उलगडा त्यातून होतो.

या भीतीचे प्रयोगशाळेतील उत्तम चित्र जर्मनीतील ट्रियर विद्यापीठात विकसित झालेल्या व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ताण-चाचणीत पाहावयास मिळते. या चाचणीत सहभागी व्यक्तीस थोड्या तयारीनंतर परीक्षकांपुढे पाच मिनिटे बोलावे लागते व नंतर मोठ्याने वजाबाकीचे गणित करावे लागते. परीक्षकांना हसण्याची वा मान डोलावण्याची मुभा नसते. चेहरा निर्विकार ठेवण्याचे त्यांना प्रशिक्षण दिलेले असते. अशा स्थितीत कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची पातळी मूळच्या दुप्पट ते चौपट होत असल्याचे आढळले. पुढे २००४ मध्ये डिकर्सन व केमेनी यांनी २०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. इतरांकडून मूल्यमापन होत आहे आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ताण सर्वाधिक वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

येथे आपण क्षणभर थांबून आपल्या तोंडी परीक्षेचे दृश्य आठवावे. टेबलापलीकडे दोन परीक्षक, दोघांचेही चेहरे गंभीर, हातात गुणपत्रक आणि समोर उभा विद्यार्थी. ताण निर्माण करण्यासाठी शास्त्रज्ञांनी हेतुपुरस्सर रचलेली परिस्थिती आपण दर सत्रात निष्पक्षपातीपणाच्या नावाखाली नकळत रचत असतो.

३. दोन गैरसमज

सभाभीती टिकून राहण्यामागे दोन गैरसमज कार्यरत असतात. पहिला गैरसमज म्हणजे सर्वांचे लक्ष आपल्याकडेच आहे. गिलोविच व सहकाऱ्यांच्या २००० मधील प्रयोगात विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठविण्यात आले. निम्म्या लोकांच्या तरी ते चित्र लक्षात आले असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते सुमारे एक चतुर्थांश लोकांनीच टिपले होते.

दुसरा गैरसमज म्हणजे आपली आतील धडधड बाहेर स्पष्ट दिसते. सॅवित्स्की व गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, वक्त्याला आपण जितके घाबरलेले दिसतो असे वाटते, त्यापेक्षा तो श्रोत्यांना कमी घाबरलेला दिसतो. विशेष म्हणजे ही वस्तुस्थिती भाषणापूर्वी समजावून सांगितलेल्या वक्त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. ही माहिती वर्गात सांगण्यास पाच मिनिटे लागतात व खर्च काहीच येत नाही.

४. एक ऐतिहासिक उदाहरण

विनोदी भाषण करू पाहणाऱ्या आणि त्यात फसलेल्या एका तरुणाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. मोहनदास करमचंद गांधी १८९१ मध्ये शिक्षण पूर्ण करून लंडन सोडण्याच्या बेतात होते. हॉलबर्न रेस्टॉरंटमध्ये त्यांनी शाकाहारी मित्रांना निरोपाचे जेवण दिले. त्या प्रसंगी विनोदी भाषण करावे, असे त्यांनी ठरविले होते. इंग्रज लेखक ॲडिसन याच्या संसदेतील फजितीचा किस्सा त्यांनी पाठ केला होता. ते उभे राहिले, किस्सा सुरू केला आणि तेथेच अडकले. पुढचे सारे विस्मरणात गेले. दुसऱ्याची फजिती सांगण्यास उभे राहिलेल्या गांधींची स्वतःचीच फजिती झाली, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने नोंदविले आहे.

मायदेशी परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात उलटतपासणीसाठी उभे राहताच त्यांना गरगरले, प्रश्न सुचेना, आणि ते खाली बसले. तो खटला त्यांनी दुसऱ्या वकिलाकडे सोपविला. त्यानंतर १८९३ मध्ये प्रिटोरिया येथे तेथील हिंदी व्यापाऱ्यांसमोर व्यापारातील सचोटी या विषयावर ते बोलले आणि ते भाषण चांगले झाले. आपल्या आयुष्यातील पहिले जाहीर भाषण म्हणून त्यांनी त्याचाच उल्लेख केला आहे. परंतु कथा येथे संपत नाही. २६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये भरगच्च सभेपुढे लिहून आणलेले भाषण वाचताना त्यांचा आवाज पोहोचेना. त्यांनी ते केशवराव देशपांडे यांच्या हाती दिले आणि अखेर श्रोत्यांच्या आग्रहावरून दिनशा वाच्छा यांनी ते वाचले.

या चार प्रसंगांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. उसना व पाठ केलेला मजकूर भीतीच्या क्षणी प्रथम निसटतो. ज्या विषयाशी वक्त्याचा जिवंत संबंध असतो, तो विषय वक्त्याला सावरून धरतो. दुसरे असे की, एका ठिकाणी जिंकलेली भीती नव्या ठिकाणी परत येते. प्रिटोरियातील यश मुंबईच्या सभागृहात आपोआप उपयोगी पडले नाही. भीतीवरील उपचारांच्या आधुनिक अभ्यासातही हेच आढळते, आणि म्हणूनच सराव अनेक ठिकाणी व वेगवेगळ्या श्रोत्यांपुढे करावा असा आग्रह धरला जातो.

५. एकट्याने उभे राहण्याची मराठी परंपरा

स्टँड-अप कॉमेडी हा शब्द व प्रकार पाश्चात्त्य असला, तरी एकाने उभे राहून समुदायाला हसविणे महाराष्ट्राला नवे नाही. पुनावळ्यापासून देहू फार दूर नाही. वारकरी कीर्तनात कीर्तनकार एकटा बोलतो. परंतु त्याच्या पाठीशी टाळकरी व मृदंगवादक उभे असतात. कीर्तनकार थांबला की टाळकरी भजन उचलून धरतात व त्याला श्वास घेण्यास अवसर मिळतो. तमाशाच्या बतावणीतील सोंगाड्यालाही समोर बोलणारा जोडीदार असतो. म्हणजेच आपल्या परंपरेने वक्त्याच्या भीतीची व्यवस्था कलाप्रकाराच्या रचनेतच करून ठेवली होती.

आधुनिक काळात हा आधार क्रमाने कमी होत गेला. पु. ल. देशपांडे यांनी ‘बटाट्याची चाळ’ १९६१ पासून एकट्याने रंगमंचावर सादर केली. राम नगरकर यांनी ‘रामनगरी’ या आपल्या आत्मकथनाचा एकपात्री प्रयोग केला. स्वतःचे घर, जात-व्यवसाय व फजिती हाच त्याचा विषय होता. याच आत्मकथनावर १९८२ मध्ये हिंदी चित्रपटही निघाला. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात प्रा. लक्ष्मण देशपांडे एकटेच ५२ पात्रे उभी करीत. ते मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापक होते, ही बाब आपल्या वाचकवर्गाला जवळची वाटावी.

या सर्वांना लेखनाचा व पात्रांचा आधार होता. स्टँड-अपमध्ये तोही राहत नाही. कलाकार कोणत्याही पात्राच्या आड न लपता ‘मी’ म्हणून बोलतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘भाडिपा’ अर्थात भारतीय डिजिटल पार्टी या समूहाने मराठी स्टँड-अपला तरुण प्रेक्षक मिळवून दिला. ओपन माइक या नवोदितांच्या कार्यक्रमात कोणालाही तीन ते पाच मिनिटे दिली जातात. टाळकरी नाहीत, जोडीदार नाही, पात्र नाही. मग आधार कशाचा? तर श्रोत्यांच्या हसण्याचा. हशा पिकला की कलाकाराला थांबावेच लागते, आणि त्या दोन-तीन सेकंदांत श्वास पूर्ववत होतो, पुढचे वाक्य आठवते. टाळकऱ्यांचे काम येथे श्रोते करतात.

६. विनोदच का?

येथे शंका उपस्थित होऊ शकते की, साधे भाषणच जमत नसलेल्या व्यक्तीस त्याहून अवघड विनोदाकडे का वळवावे? याची तीन कारणे संभवतात.

(अ) श्रोत्यांची भूमिका बदलते. विनोद ऐकण्यास आलेला श्रोता हसण्याची इच्छा घेऊन आलेला असतो. ट्रियर चाचणीतील निर्विकार परीक्षकाच्या तो अगदी विरुद्ध टोकाला असतो.

(आ) प्रतिसाद तत्काळ व स्पष्ट मिळतो. गंभीर भाषणानंतरच्या टाळ्या उपचाराच्याही असू शकतात; हसू मात्र सहसा उपचार म्हणून येत नाही. वाक्य पोहोचले की नाही, हे त्याच क्षणी कळते. न पोहोचल्यास जे घडते ते म्हणजे काही सेकंदांची शांतता. तीच ती शांतता, जिची आयुष्यभर भीती वाटत होती. ती येते, जाते, आणि आपण उभेच असतो.

(इ) फजितीचे मूल्य बदलते. मॅकग्रॉ व वॉरेन यांनी २०१० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, एखादी गोष्ट नियमाला धक्का देणारी आणि त्याच वेळी निरुपद्रवी वाटली की हसू येते. सभाभीती असलेली व्यक्ती आपल्या प्रत्येक चुकीत केवळ धक्का पाहते. तीच चूक विनोद म्हणून सांगताना तिला तिच्यातील निरुपद्रवीपणा शोधावा लागतो. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधील प्रयोगांत ‘मी शांत आहे’ असे स्वतःला सांगणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहित आहे’ असे सांगणाऱ्यांची भाषणे सरस ठरली. धडधड तीच राहिली. तिचा अर्थ बदलला.

प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. वर्गात तासन्‌तास बोलणाऱ्या लेखकाने सहकाऱ्यांच्या सभेत आभारप्रदर्शनाची जबाबदारी वर्षानुवर्षे टाळली होती. पुनावळ्यातील आपल्या गृहसंकुलाच्या गणेशोत्सवात मात्र चार मिनिटे विनोदी बोलण्याचे कबूल करून तो बसला. आरंभी मोबाइलवर आलेले दोन विनोद सांगितले. मंडपात शांतता पसरली आणि मागच्या रांगेतील मुलांनी खुर्च्या ओढण्यास प्रारंभ केला. पाय खरोखरच कापत होते. अखेर पाठ केलेले सोडून लेखकाने सकाळची हकीकत सांगितली : महामार्गाखालील पुनावळ्याच्या भुयारी रस्त्यात गाडी अडकलेली असताना वर्गप्रतिनिधीचा दूरध्वनी आला, त्याने ‘सर, आज तास आहे का?’ असे विचारले, आणि सरांनी खिडकीतून पाहिले तर तो वर्गप्रतिनिधी पलीकडच्या रिक्षात अडकलेला होता. मंडप हसला. हकीकत सामान्यच होती. पण ती तेथील प्रत्येकाने भोगलेली होती. पुढील महिन्यात विभागाच्या सभेत लेखकाने आभार मानले. पाय तेव्हाही कापले. परंतु ते कोणास दिसत नाहीत, हे तोपर्यंत कळले होते.

७. महाविद्यालयीन स्तरावरील पायऱ्या

एकदम मोठ्या मंचावर ढकलणे हे धाडस असले तरी शिक्षण नव्हे. सौम्य प्रसंगाकडून कठीण प्रसंगाकडे जाणारी पुढील क्रमवारी उपयुक्त ठरावी.

१) विद्यार्थ्याने स्वतःच्या फजितीचे तीन खरे प्रसंग लिहून काढावेत. पुस्तकातील वा मोबाइलवरील विनोद वर्ज्य समजावेत.
२) त्यांपैकी एक प्रसंग एका मित्रास उभे राहून सांगावा.
३) पाच-सहा जणांच्या गटात तोच प्रसंग दोन मिनिटांत सांगावा. शेवटचे वाक्य ठरलेले असावे; मधला मजकूर पाठ नसावा.
४) वर्गासमोर, शक्यतो वेगळ्या खोलीत व वेगळ्या श्रोत्यांपुढे सादरीकरण करावे.
५) स्नेहसंमेलन, गृहसंकुलाचा गणेशोत्सव किंवा ओपन माइक येथे तीन ते पाच मिनिटे बोलावे.

प्रत्येक पायरीपूर्वी विद्यार्थ्याने दोन नोंदी कराव्यात : भीती शंभरपैकी किती, आणि नेमके काय वाईट घडेल असे वाटते. सादरीकरणानंतर प्रत्यक्षात काय घडले, ते त्याच वहीत लिहावे. मिशेल क्रॅस्के व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, भीतीचा आकडा त्याच दिवशी उतरणे हे आवश्यक नाही. आपला अंदाज चुकला हे मनाने शिकणे महत्त्वाचे आहे. ‘मी विसरीन आणि सगळे उठून जातील’ असे लिहिणाऱ्यास ‘विसरलो, पण कोणी उठले नाही’ अशी नोंद करता आली, तर ती सत्राची मोठी कमाई मानावी.

प्राध्यापकाने प्रथम स्वतः दोन मिनिटे आपली फजिती सांगावी. त्यामुळे मंचाची उंची कमी होते. तसेच हा उपक्रम गुणांशी जोडू नये; गुणपत्रक हातात आले की श्रोता पुन्हा परीक्षक होतो.

८. मर्यादा व दक्षता

पहिली दक्षता सक्तीबाबत घ्यावी. इच्छेविरुद्ध एखाद्यास मंचावर उभे करून हसणे म्हणजे रॅगिंगच होय. महाराष्ट्रात त्यास १९९९ च्या कायद्याने प्रतिबंध आहे. स्वतःवर हसण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो. तो समूहाकडे जाऊ नये. जात, वर्ण, शरीर, बोली व लिंग यांवरील दुसऱ्याची टिंगल प्रारंभीच निषिद्ध करावी. बोलीबाबत विशेष काळजी आवश्यक आहे. लातूर किंवा जळगावकडील विद्यार्थी आपल्या बोलीत प्रसंग सांगू लागला, तर हसू प्रसंगाला येते की बोलीला, याकडे प्राध्यापकाचे लक्ष असावे.

दुसरी मर्यादा वैद्यकीय आहे. काही व्यक्तींमध्ये ही भीती सामाजिक चिंताविकाराच्या पातळीवर पोहोचलेली असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ मधील वर्गीकरणात केवळ सादरीकरणापुरत्या मर्यादित चिंतेचीही स्वतंत्र नोंद आहे. विद्यार्थी वर्गात येणेच टाळत असेल, जेवण वा झोप बिघडत असेल, तर त्यास समुपदेशकाकडे पाठवावे. शासनाची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. विनोदाचा मंच हा उपचाराचा पर्याय नव्हे.

तिसरी मर्यादा अपेक्षेची आहे. या सरावातून प्रत्येक जण विनोदी कलाकार होणार नाही, आणि तसा हेतूही नाही.

९. निष्कर्ष

सभाभीती हा स्वभावदोष नसून शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आणि श्रोत्यांविषयीचे चुकीचे अंदाज यांचे ते मिश्रण आहे. शरीराची प्रतिक्रिया पुसून टाकता येत नाही. अंदाज मात्र दुरुस्त करता येतात, आणि ते उपदेशाने नव्हे तर लहान, वारंवार व सुसह्य अपयशाने होतात. स्वानुभवाचा विनोद असे अपयश सुसह्य करतो. गांधींनी पुढे आपल्या बुजरेपणाविषयी लिहिताना, त्यामुळे मोजके बोलण्याची सवय लागली, असे समाधान व्यक्त केले आहे. सर्वच विद्यार्थ्यांना असे समाधान लाभत नाही. अनेकांची संधी त्यापूर्वीच निघून जाते.

म्हणून दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. महिन्यातून एक तास बिनगुणांचा मंच विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देणे, ही पहिली. येत्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी विद्यार्थ्याकडे पाहून किंचित हसणे, ही दुसरी. त्याने मूल्यमापनाच्या काटेकोरपणास बाध येत नाही. फक्त समोरच्या विद्यार्थ्यास आपला आवाज सापडण्यास थोडा अवधी मिळतो.